मणक्याच्या नळीतली हवा, आणि तिच्या दोन वाटा

जानेवारीतली पहाट. गळीत हंगाम ऐन भरात आणि रस्त्यावर दाट धुकं. दूध संकलन केंद्रावर कामाला निघालेला २६ वर्षांचा तरुण मोटारसायकलसकट रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. १०८ च्या गाडीनं त्याला आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं गळ्याला कॉलर, हाताला सलाइन आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून त्याला आमच्याकडे पाठवलं.

मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. मला रुग्ण भेटतो तो बहुतेक वेळा पडद्यावर, काळ्या-पांढऱ्या कापांमध्ये. हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना शिकवायला वापरतो. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, काम बदललं आहे आणि अशाच दुसऱ्या एका रुग्णातले एकदोन तपशील यात मिसळले आहेत. चूक मात्र माझीच आहे, ती बदललेली नाही.

पहाटेचा अहवाल

पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी तो कॅज्युअल्टीत आला तेव्हा शुद्धीत होता, पण गोंधळलेला. शुद्ध मोजणारा ग्लासगो कोमा स्कोअर १५ पैकी १४. नाडी ११८, श्वास मिनिटाला ३२, मास्क असूनही सॅच्युरेशन ८८. डाव्या छातीत श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हता. मानेपासून काखेपर्यंत कातडीवर बोटं ठेवली की चुरमुऱ्याच्या पिशवीवर हात ठेवल्यासारखं कुरकुरायचं. फुप्फुसातून निसटलेली हवा कातडीखाली पसरली की असंच लागतं. फोटोत डावं फुप्फुस निम्म्याहून अधिक मिटलेलं दिसलं. सर्जरीच्या रेसिडेंटनं काखेच्या रेषेच्या जरा पुढं, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधून २८ फ्रेंच जाडीची आयसीडी, म्हणजे छातीतली हवा बाहेर काढणारी नळी, टाकली. बाटलीतल्या पाण्यात बुडबुड्यांचा खळखळाट झाला आणि सॅच्युरेशन ९४ वर आलं. दोन्ही हातपाय हलत होते, पायांची ताकद पूर्ण होती. डाव्या मनगटाचा आकार मात्र बिघडला होता आणि डाव्या कानाची पाळ फाटली होती. कानात रक्त साकळलेलं होतं, ते पाळीच्या जखमेचं आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

यातलं ‘धरून चाललं’ हे लक्षात असू द्या.

डोकं, मान, छाती, पोट असा सगळा सीटी झाला. मी ६ वाजून २० मिनिटांनी अहवाल दिला. डाव्या चौथ्या ते सातव्या बरगड्या मोडलेल्या, डावं गळपट्टीचं हाड मोडलेलं, डाव्या फुप्फुसाला मुका मार, छातीत अजून थोडी हवा, हृदयाभोवतीच्या मधल्या जागेत हवा, आणि छातीच्या तिसऱ्या ते सहाव्या मणक्याच्या पातळीवर मणक्याच्या नळीच्या आत, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला, हवेचे पट्टे. मणके शाबूत. मेंदूत रक्तस्राव नाही, कवटीला उघड फ्रॅक्चर नाही.

मणक्याच्या नळीतली हवा दिसली याचं मला त्या पहाटे थोडं कौतुकच वाटलं होतं. ही गोष्ट सहज निसटते. साध्या एक्स-रेत ती जवळपास कधीच दिसत नाही. सीटीतसुद्धा आपण कोणत्या ‘विंडो’त, म्हणजे मापपट्टीचा कोणता भाग काळ्या-पांढऱ्या छटांत पसरवून, बघतो त्यावर सगळं अवलंबून असतं. सीटीच्या मापपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००. मेंदू बघायची विंडो शून्य ते ८० एवढीच अरुंद लावली, तर शून्याच्या खालचं जे काही असेल ते सगळं सारखंच काळं दिसतं. मग चरबी आणि हवा एकाच रंगाच्या. मणक्याच्या नळीत, ड्यूरा नावाच्या जाड आवरणाच्या मागे, चरबी नैसर्गिकपणेच असते. त्यामुळे तिथला काळा ठिपका बघून ‘चरबी’ म्हणत पुढं जाणं फार सोपं. फुप्फुसाची किंवा हाडाची रुंद विंडो लावली की चरबी करडी होते आणि हवा काळीकुट्ट राहते. तेव्हा कुठं फरक उमटतो. छातीसाठी मी ती विंडो लावली होती. डोक्यासाठी घाईत लावली नाही.

मराठीत या स्थितीला रूढ नाव नाही. आपल्यातले डॉक्टरही इंग्रजी शब्दच वापरतात, न्यूमोरॅकिस. ग्रीकमध्ये न्यूमा म्हणजे हवा आणि रॅकिस म्हणजे पाठीचा कणा. जखमेनंतर अशी हवा सापडल्याचं वर्णन गॉर्डन आणि हार्डमन यांनी १९७७ मध्ये प्रथम छापलं, आणि हे नाव न्यूबोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दिलं. म्हणजे नाव तसं अगदी अलीकडचं. हवा मात्र त्याआधीही आत जात होतीच, ती बघायला सीटी नव्हता एवढंच. मजा अशी की त्याच्याही आधी डॉक्टर ती मुद्दाम आत सोडत असत. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढले, आणि पुढच्याच वर्षी कमरेत सुई घालून तीच हवा खालून वर पाठवली. हवा एक्स-रेत काळी दिसते, तिच्या कडेनं मेंदूचा आकार कळतो. रुग्णाला पुढं कित्येक तास, कधी कधी दिवस, भयंकर डोकेदुखी आणि उलट्या. सत्तरच्या दशकात सीटी आल्यावर हा प्रकार बंद पडला. मी हे विद्यार्थ्यांना सांगतो ते एका कारणासाठी: त्या जागी थोडी हवा गेली म्हणजे माणूस लुळा पडतो, ही समजूत आधी डोक्यातून जावी.

छातीतली हवा तिथं पोचते कशी

फुप्फुसातल्या वायुकोशांवर अचानक दाब आला की ते फुटतात. निसटलेली हवा श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांना चिकटून असलेल्या मऊ आवरणातून मागं सरकत फुप्फुसाच्या मुळाशी येते आणि तिथून हृदयाभोवतीच्या मधल्या जागेत. हा प्रवास मॅकलिन दांपत्यानं अभ्यासला म्हणून त्याला मॅकलिन परिणाम म्हणतात. मधल्या जागेत आलेली हवा वर मानेत जाते, कातडीखाली पसरते, आणि मागं मणक्यांच्या कडेला पोचते. प्रत्येक दोन मणक्यांच्या मधून मज्जातंतू बाहेर पडायला दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. या भोकापाशी हवेला अडवणारा असा घट्ट पडदा काही नसतो. नळीच्या मागच्या भागात सैलसर चरबी आणि जाळीदार ऊती असल्यानं तिथं विरोध सगळ्यात कमी, म्हणून हवा तिथंच जमते. ही झाली ड्यूराच्या बाहेरची हवा, म्हणजे एपिड्युरल. बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीत एपिड्युरल देतात ती जागा हीच.

आमच्या रुग्णात हा माग बोट ठेवून दाखवता येत होता. डावीकडच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी हवेची एक बारीक रेघ छातीतून निघून त्या भोकातून सरळ नळीत शिरलेली. इतकं छान चित्र क्वचित मिळतं. आणि त्यामुळेच मी तिथं थांबलो. कारण सापडलं, खूण सापडली, दोन्ही जुळले. मणक्याच्या नळीतल्या हवेचा हिशेब मिटला असं मी मनात धरलं आणि पुढच्या रुग्णाच्या फिल्मकडे वळलो.

पावणेअकराचा फोन

आयसीयूमधून फोन आला. बरगड्यांच्या वेदनेनं त्याला खोल श्वास घेता येत नव्हता, खोकता तर अजिबात येत नव्हतं. श्वास पुन्हा ३०, सॅच्युरेशन ९१. इंटेन्सिव्हिस्ट म्हणाले, ‘बायपॅप लावतो आहे. आयसीडी चालू आहे, तेव्हा छातीची भीती नाही. तुमच्या अहवालात मणक्यात हवा आहे म्हणून एकदा विचारून घ्यावं म्हटलं.’ बायपॅप म्हणजे नाका-तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र. मोडलेल्या बरगड्यांच्या रुग्णाला ते अनेकदा चांगलं उपयोगी पडतं. मी ‘लावा की’ म्हणणारच होतो.

शेजारी आमची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट तीच फिल्म उघडून बसली होती. तिनं विचारलं, ‘सर, ही हवा छातीतून आली म्हणता, तर मग सगळ्यात वरच्या दोन मणक्यांपाशी हे दोन बुडबुडे कसे?’

होते. मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर, तांदळाच्या दाण्याएवढे दोन. मी फोन धरून ठेवायला सांगितलं.

त्या पुढच्या दहा मिनिटांत जे बघितलं तोच या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, दोन जागांच्या मधे खंड होता. छातीच्या तिसऱ्या मणक्यापासून वर मानेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत नळीत हवेचा थेंबही नव्हता. हवा एकाच वाटेनं खालून वर चढली असती तर वाटेत काहीतरी मागं ठेवून गेली असती. मानेच्या स्नायूंमध्ये डावीकडे हवा होती, हे खरं. पण मानेतल्या एकाही भोकातून ती आत शिरलेली दिसत नव्हती.

दुसरी गोष्ट बुडबुड्यांच्या जागेची. रुग्ण सीटीच्या टेबलावर उताणा असतो. म्हणजे शरीराची पुढची बाजू वर, पाठ खाली. पाण्यातला बुडबुडा वर तरंगतो. छातीच्या पातळीवरची हवा मात्र मज्जारज्जूच्या मागे, म्हणजे त्या वेळी सगळ्यात खाली असूनही तिथंच अडकून बसली होती. चरबीच्या जाळीत ती रुतलेली, तिला तरंगायला पाणी नव्हतं. वरचे दोन बुडबुडे मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूला होते, गोल, कडा स्पष्ट. ते तरंगले होते. मज्जारज्जूभोवती जो पाण्यासारखा द्रव असतो, ज्याला आम्ही सीएसएफ म्हणतो, त्याच्यात ते होते. म्हणजे ड्यूराच्या आत. सबअ‍ॅरॅक्नॉइड.

एपिड्युरल आणि सबअ‍ॅरॅक्नॉइड हा फरक दरवेळी इतका स्वच्छ कळतो असं मुळीच नाही. पुष्कळदा हवा इतकी थोडी असते, की ठामपणे सांगता येत नाही. पण फरक महत्त्वाचा आहे. ड्यूराच्या बाहेरची हवा बहुधा छातीतून येते आणि सहसा त्रास देत नाही. ड्यूराच्या आतली हवा सापडली तर ड्यूरा कुठंतरी फाटलेला असतो, आणि जखमेच्या रुग्णात तो बहुतेक वेळा कवटीच्या तळाशी फाटलेला असतो. अशा रुग्णांचा मार एकंदरीत जास्त गंभीर असतो, आणि जिथून हवा आत गेली तिथून जंतूही आत जाऊ शकतात.

मग डोक्याची फिल्म पुन्हा उघडली. या वेळी रुंद विंडोत. मेंदूच्या देठापुढं, पाण्याच्या पोकळीत, दोन-तीन मोहरीएवढे काळे ठिपके. सकाळी मेंदूच्या विंडोत ते नेहमीच्या काळ्या पाण्यात मिसळून गेले होते. डोक्याचे कापही ५ मिलिमीटर जाडीचे होते, आणि केसासारखी बारीक चीर दोन कापांच्या मधे हरवते. मशीनवर मूळ डेटा अजून होता. त्यातून कानामागच्या हाडाचे ०.६ मिलिमीटरचे काप पुन्हा बांधून घेतले. डाव्या बाजूचं कानामागचं हाड लांबीच्या दिशेनं तडकलं होतं. हवेनं भरलेल्या त्याच्या कप्प्यांत रक्त साचलं होतं आणि ती चीर वर मेंदूच्या आवरणापर्यंत गेली होती.

म्हणजे हवा दोन होत्या. एक छातीतून आली, एक कानातून. दुसरीचा प्रवास असा: कानामागच्या हाडातली हवा फाटलेल्या ड्यूरातून कवटीत, तिथून कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून खाली मानेच्या नळीत. डोक्यातला दाब वाढला किंवा रुग्ण आडवा राहिला की ती खाली ढकलली जाते. पाळीच्या जखमेचं म्हणून सोडून दिलेलं कानातलं रक्त आता वेगळं दिसायला लागलं.

मी फोन उचलला आणि म्हणालो, ‘बायपॅप नको.’

बदललेले निर्णय

नाकामागून मधल्या कानाकडे एक अरुंद नळी जाते. विमानात कान दडपतात तेव्हा आपण आवंढा गिळून जी उघडतो, तीच. मास्कमधून दाबानं हवा दिली की ती या नळीतून मधल्या कानात, तिथून तडकलेल्या हाडात आणि फाटलेल्या ड्यूरातून कवटीत जाऊ शकते. झडपेसारखं एका दिशेनंच उघडणारं छिद्र असेल तर गेलेली हवा परत येत नाही, साचत राहते. म्हणून कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची शंका असली तरी घट्ट मास्कचा दाब टाळतात. खरंच यंत्राची गरज पडली तर घशातून नळी घालून व्हेंटिलेटर लावणं जास्त सुरक्षित, कारण तेव्हा दाब नाकामागच्या जागेला वळसा घालून थेट श्वासनलिकेत जातो. इंटेन्सिव्हिस्टनी तीच तयारी बेडशेजारी मांडून ठेवली आणि आधी वेदनेकडे वळले.

बरगड्या मोडलेल्या रुग्णासाठी पाठीत एपिड्युरल कॅथेटर घालून औषध देणं हा वेदनाशमनाचा जुना, मान्य मार्ग. भूलतज्ज्ञ मॅडम ते साहित्य घेऊनच आल्या होत्या. फिल्म बघून त्यांनी ते परत पाठवलं. कारणं दोन. एपिड्युरल जागा शोधताना काही जण सिरिंजमध्ये हवाच वापरतात, म्हणजे जिथं आधीच हवा आहे तिथं आणखी भर. आणि सुई चुकून ड्यूराला लागली तर ज्या रुग्णाचं सीएसएफ वरून गळत असण्याची शंका आहे त्याला खालूनही गळती. त्यांनी सोनोग्राफी बघत काखेखालच्या स्नायूंच्या थरात औषध सोडलं, सेरेटस ब्लॉक. अर्ध्या तासात तो खोकला. खोकल्याचा आवाज ऐकून आयसीयूत एवढा आनंद झालेला मी फार वेळा पाहिलेला नाही. दुपारी ३ वाजता श्वास २२, सॅच्युरेशन ९६.

आणखी एक गोष्ट त्यांनी केसपेपरवर लाल पेनानं लिहिली: नायट्रस ऑक्साइड देऊ नये. मनगटाची शस्त्रक्रिया व्हायची होतीच. हा भुलीचा वायू रक्तात नायट्रोजनपेक्षा सुमारे ३४ पट जास्त विरघळतो. शरीरात बंद पडलेला हवेचा बुडबुडा असेल तर त्यातला नायट्रोजन बाहेर पडायच्या कितीतरी आधी हा वायू आत घुसतो आणि बुडबुडा फुगतो. छातीत, कानात, डोक्यात, मणक्यात, कुठंही. मनगट पुढं चौथ्या दिवशी काखेतला ब्लॉक देऊन, पूर्ण भूल न देता, प्लेट लावून बसवलं.

ऑक्सिजन चालूच ठेवला, राखीव पिशवीच्या साध्या मास्कमधून, दाबाशिवाय. यामागचं गणित सोपं आहे. बुडबुड्यातली हवा म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन. रुग्ण साधी हवा घेतो तोवर रक्तातही तेवढाच नायट्रोजन, मग बुडबुड्यातला रक्तात उतरणार कशाला? शुद्ध ऑक्सिजन दिला की रक्तातला नायट्रोजन धुऊन निघतो आणि बुडबुड्यातला रक्ताकडे धावतो. छातीतली निसटलेली हवा साध्या हवेत रोज सव्वा टक्क्याच्या आसपास जिरते, ऑक्सिजनवर काही पट लवकर. मणक्यातल्या हवेलाही तोच नियम. मात्र शुद्ध ऑक्सिजन दिवसेंदिवस दिला तर तो फुप्फुसालाच बाधतो, त्यामुळे तो ठराविक तासच दिला.

आणि पलंग. डोकं वर हवं होतं, म्हणजे सीएसएफचा दाब कमी राहतो. पण मानेला इजा नाही याची पूर्ण खात्री व्हायची होती, म्हणून कंबरेत न वाकवता अख्खा पलंगच तिरका केला. हे काम वॉर्डातल्या मामांनी दोन विटा घेऊन केलं. आमचा पलंग मोटरचा होता, पण मोटर बंद होती.

‘सुईनं ओढून काढा की’

नातेवाइकांना सांगायचं काम न्यूरोसर्जनचं, पण त्या दिवशी मलाही बोलावलं. रुग्णाचा चुलतभाऊ पुढं झाला. ‘साहेब, मणक्यात हवा गेलीया म्हणं. मग सुईनं ओढून काढा की.’ आईनं वेगळंच विचारलं, ‘ह्याला आधीपासनंच वाताचा त्रास हाय. त्यो वात तर न्हवं?’

दोन्ही प्रश्नांना हसून सोडून देता येत नाही. आपल्याकडे पाठ धरली की ‘वात’, पोट फुगलं की ‘गॅस’, आणि आता सीटीत हवा, म्हणजे तोच वात यंत्रात दिसला असं वाटणं साहजिक आहे. न्यूरोसर्जननी फिल्म दाखवली. म्हणाले, ‘मावशी, हा वात न्हवं. ही बाहेरची हवा हाय, फुप्फुसातनं आणि कानातनं गेलेली. सगळी मिळून चमचाभर पण न्हाई. ती आपोआप रक्तात जिरंल. सुई घातली तर फायदा कमी आणि धोका जास्त.’ कमरेत सुई घालून पाणी काढणंही याच कारणानं टाळलं होतं.

सुई किंवा शस्त्रक्रिया कधी लागते, हेही त्यांनी लपवलं नाही. क्वचित हवा एकतर्फी झडपेतून साचत जाते आणि मज्जारज्जूला दाबते. तेव्हा पाय जड होतात, बधिरपणा वर चढत जातो, लघवी अडते. म्हणून दर तासाला सिस्टर पायांची ताकद बघून तक्त्यावर लिहीत होत्या, लघवीचं माप ठेवत होत्या. त्या तक्त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाचपैकी पाच, म्हणजे पूर्ण ताकद, हाच आकडा आहे. डाव्या छातीवर हातभर रुंदीचा एक पट्टा मात्र बधिर होता. तिसऱ्या दिवशी एमआरआय केला. मज्जारज्जू स्वच्छ. बधिरपणा मोडलेल्या बरगडीखालच्या मज्जातंतूचा निघाला. एमआरआयमध्ये हवा म्हणजे नुसता काळा डाग, सीटीपेक्षा कळायला अवघड, त्यामुळे हवेच्या शोधासाठी तो करायचा नसतो. मज्जारज्जूला इजा झाली का, हे बघायला करायचा.

मुंबईहून रुग्णाचे मामा आले, ते एअर अॅम्ब्युलन्सची चौकशी करूनच. कळकळ खरी होती. पण विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, आणि तिथं बंद बुडबुडा जवळपास एक तृतीयांशानं फुगतो. आयसीडीमुळे छातीतली हवा बाहेर पडली असती, डोक्यातली आणि मणक्यातली नाही. केबिनचा दाब जमिनीइतका ठेवून उडायची सोय काही विमानांत असते, पण इथं उपचार तेच, हलवून मिळवायचं काय? मामांना हे पटायला एक दिवस लागला. (महाबळेश्वरला नेलं तरी बुडबुडा सहाव्या हिश्श्यानं वाढेल, हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच पुरेसं झालं होतं.)

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कानामागं निळंकाळं उमटलं. कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची ही जुनी खूण, बॅटल यांच्या नावानं ओळखली जाते. पण ती उशिरा उगवते, एकदोन दिवसांनी. पहिल्या तासात ती नाही म्हणून फ्रॅक्चर नाही असं म्हणता येत नाही. त्याच दुपारी तो सिस्टरना म्हणाला, घशात खारट पाणी उतरतंय. कानाचा पडदा शाबूत असला की सीएसएफ कानाबाहेर न येता त्या अरुंद नळीतून घशात उतरतं, आणि रुग्ण हेच सांगतो. पुढं वाकवल्यावर नाकातून थेंब पडले. ते गोळा करून बीटा-२ ट्रान्सफेरिन तपासायला शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. हे प्रथिन सीएसएफची खात्रीची खूण. अहवाल यायला चार दिवस लागले, तोवर आम्ही गळती आहे असंच समजून वागलो. साखरेच्या पट्टीवर थेंब टाकून बघायची जुनी पद्धत कुणीतरी सुचवली, पण नाकातल्या स्रावातही साखर सापडू शकते, त्यामुळे ती फसवते.

त्याला नाक शिंकरायला बंदी, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, शौचाला जोर पडू नये म्हणून औषध. अँटिबायोटिकवर राउंडला वाद झाला. गळती आहे, मेंदुज्वर होऊ नये म्हणून द्या, असं एक मत. पण कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरमध्ये असं आगाऊ अँटिबायोटिक दिल्यानं मेंदुज्वर टळतो असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत सिद्ध झालेलं नाही. न्यूरोसर्जननी दिलं नाही. ताप, मान आखडणं, वाढती डोकेदुखी यांवर नजर ठेवली आणि न्यूमोकोकल लस दिली. मला स्वतःला हा निर्णय बरोबर वाटतो, तरी ते चार दिवस ताप मोजताना प्रत्येकाचं लक्ष पाऱ्याकडे होतं हे मान्य करायला हवं.

कानामागच्या हाडातून होणारी गळती बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप थांबते. याची पाचव्या दिवशी थांबली. सहाव्या दिवशी बाटलीतले बुडबुडे बंद झाले. सातव्या दिवशी पुन्हा सीटी केला, मुद्दाम पातळ कापांचा. मानेतले दोन्ही बुडबुडे गायब. छातीच्या पातळीवर मागच्या चरबीत एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उरला होता. चरबीतली हवा नेहमीच जरा रेंगाळते. आठव्या दिवशी आयसीडी काढली, अकराव्या दिवशी तो घरी गेला.

सहा आठवड्यांनी आला तेव्हा मनगट फिरवून दाखवत होता. डाव्या कानानं थोडं कमी ऐकू येत होतं. तपासणीत ते मधल्या कानात साचलेल्या रक्तामुळे असल्याचं दिसलं आणि तीन महिन्यांनी ते भरून निघालं. चेहऱ्याची नस शाबूत होती, शिट्टी वाजवता येत होती. छातीवरचा बधिर पट्टा मात्र आहे. शर्ट घालताना जाणवतो म्हणतो.

त्याच्या फायलीत माझे दोन अहवाल आहेत. पहिल्यावर वेळ ६.२०, पुरवणी अहवालावर ११.२०. पुरवणीत मी सकाळच्या अहवालात काय राहिलं ते स्पष्ट लिहिलं, आणि कुणी पाहिलं म्हणून रेसिडेंटचं नावही घातलं. दरवर्षी नवीन तुकडी आली की मी त्यांना फक्त पहिला अहवाल आणि फिल्म देतो, आणि विचारतो, हवा किती ठिकाणी आहे? बहुतेक जण छातीपाशी थांबतात. मागच्या वर्षी एकानं मात्र फिल्म न उघडताच विचारलं, ‘सर, कानातलं रक्त कुणी पुसून पाहिलं होतं का?’